लाईन बंद आहे, चढा

नियमकाकांना अख्खं गाव नियमकाका म्हणायचं ते काही कौतुकाने नव्हे, वैतागून. एकतीस वर्षं हा माणूस सबस्टेशनच्या खुर्चीत बसला आणि कुणाच्या विनवणीला, धमकीला किंवा चहाला भुलून त्याने एकदाही बटण दाबलं नाही. एकदा टीव्हीवर फुटबॉलचा अंतिम सामना चालू असताना लाईट गेली. लाईनमनने तार जोडली, खांबावरून उतरला आणि परमिटचा कागद परत करायला सबस्टेशनला यायचं सोडून हॉटेलात चहा पीत बसला. काकांनी चाळीस मिनिटं लाईट दिली नाही. "त्याला माझ्यासमोर येऊन सही करू दे की मी खाली आहे, मग देतो." गावाने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, कुणीतरी खिडकीवर दगड मारला. काकांनी काच फुटल्याची नोंद वहीत केली, वेळेसकट.

आणि ह्याच माणसाच्या हातून ते व्हावं! सांगूनही खरं वाटायचं नाही.

त्या आठवड्यात डोंगरात रोज दुपारी वादळ यायचं. सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं, बारा वाजले की पश्चिमेच्या कड्यामागून ढग डोकं वर काढायचे आणि एक-दीडला विजा, गारा, सोसाट्याचा वारा. तासाभरात सगळं आटपून पुन्हा ऊन. हे एवढंच असतं तर लोकांनी सोसलंही असतं. पण हवामानखात्याचा इशारा आला होता की आठवडा संपला की पाच दिवस उष्णतेची लाट, आणि ती खालच्या मैदानात नाही, इथे, वर. इथली घरं थंडीसाठी बांधलेली. खिडक्या वीतभर, छतं बुटकी, वर पत्रा. अशा घरात चाळीस-बेचाळीस डिग्री म्हणजे माणसं भट्टीत घातल्यासारखीच. ज्यांनी जन्मात पंखा घेतला नव्हता त्यांनी पंख्यांसाठी रांगा लावल्या. विजेचा भरवसा नाही म्हणून जनरेटरही उचलले. तीन दुकानांतले जनरेटर दोन दिवसांत संपले.

काकांनी तर पहिल्याच दिवशी घेतला होता. त्यांची आई शहाऐंशी वर्षांची, फुप्फुसं थकलेली, चोवीस तास नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. मशीनला लाईट हवी. लाईट गेली तर आतली बॅटरी तास-सव्वा तास चालते, संपली की मशीन टींटीं करून ओरडायला लागतं. नुसतं मशीन जनरेटरला लावलं असतं तरी भागलं असतं. पण आईला वारा हवा, पंखा हवा, रात्री दिवा हवा. म्हणून काकांनी जनरेटरची वायर घराच्या बोर्डातच जोडून टाकली, म्हणजे सगळं घर चालेल. हे नियमात बसत नाही. पण काकांनी मनाची समजूत घातली होती. मेन स्विच आधी पाडायचा, मग जनरेटर सुरू करायचा. मेन पाडला की घर बाहेरच्या तारेपासून तुटतं, घरातला करंट घरातच राहतो. लेकीकडून त्यांनी तीनतीनदा घोकून घेतलं होतं. आधी मेन, मग जनरेटर.

लेक आठ दिवसांसाठी माहेरी आली होती, कारण काकू त्यांच्या आजारी बहिणीकडे गेल्या होत्या आणि आजीपाशी कुणीतरी हवं होतं. तिचं सासर तरी कुठे लांब? नवरा ह्याच खात्यात लाईनमन, काकांच्याच हाताखाली शिकलेला. म्हणजे जावईच. आणि ह्या जावयापायी काकांची मोठी पंचाईत झाली होती. आधी सात वर्षं ज्याला 'अरे ए, चढ' म्हणायचं, त्याला लग्नानंतर 'जावईबापू, चढता का' म्हणायची पाळी आली. जावईही आधी 'साहेब' म्हणायचा, आता 'मामा' म्हणायला लागला. सबस्टेशनमधले सगळे ह्यावरून हसायचे. काकाही हसायचे, पण त्या पोरावर त्यांचा फार जीव होता. लेकीपेक्षाही जास्त, असं लेकच चिडवायची.

तर त्या दिवशी दीडला वादळ आलं, आणि डोंगराच्या सोंडेवरून पलीकडे जाणारी लाईन धाडकन बंद पडली. सबस्टेशन सोंडेच्या अलीकडे. पलीकडच्या उतारावर वरची आळी, काकांचं घर, मोबाईलचा टॉवर, दवाखाना आणि अख्ख्या गावाला पाणी चढवणारा पंप. ती लाईन आजच्या आज चालू व्हायला हवी होती. उद्या लाट आली आणि पाणीच नसलं तर म्हातारी माणसं पटापट जातील, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

जावई आणि जीपचा ड्रायव्हर निघाले. ड्रायव्हर चांगला पन्नाशीचा, दोर ओढायला तोच. जीप पायथ्याला ठेवून दोघं सोंडेवर चढले आणि दोन वाजून पाच मिनिटांनी जावयाचा फोन आला.

"मामा, सापडली. सोंडेच्या माथ्यावरच्या खांबाची तार तुटलीय. पलीकडचं टोक झुडपात लोंबतंय. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. तारेला हात लावायचं परमिट द्या."

काकांनी उठून ब्रेकर पाडला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि वहीत वेळ लिहिली. मग खिडकीतून पश्चिमेकडे पाहिलं. कड्यामागे दुसरा ढग उभा राहत होता, पहिल्यापेक्षा काळा.

"परमिट दिलं. पण दुसरं येतंय. फार तर पाऊण तास आहे तुमच्याकडे."

"मग अडचण आहे. साखळी जीपमध्येच राहिली. ड्रायव्हरला पाठवलं तर जायला-यायला चाळीस मिनिटं."

साखळी म्हणजे अर्थिंगची साखळी. लाईन बंद असली तरी तारेला हात लावायच्या आधी ती साखळी तारेवर टाकायची आणि तिचं दुसरं टोक जमिनीत रोवायचं. चुकून कुठून करंट आलाच तर तो माणसात न शिरता मातीत जातो. काकांनी शंभर माणसांना हे शिकवलं होतं. साखळी विसरला म्हणून एकाला त्यांनी पंधरा दिवस घरी बसवलं होतं.

पण ढग येत होता. वर उघड्या माथ्यावर लोखंडी खांबाला टेकून लेकीचा नवरा उभा होता. वीज पडायच्या आत त्याला खाली आणायचा, एवढं एकच काकांच्या डोक्यात होतं.

"राहू द्या साखळी," ते म्हणाले. "किल्ली माझ्या खिशात आहे. लाईन बंद आहे, चढा. आणि लवकर उरका."

जावई म्हणाला, "बरं मामा," आणि फोन ठेवला.

काका येरझाऱ्या घालू लागले. दोन वाजून गेले तरी डबा उघडला नव्हता. चार घास खाऊन घ्यावेत म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला, तर डब्याच्या आधी हाताला एक खोका लागला.

त्यांनी तो बाहेर काढला. नवाकोरा मेन स्विच.

बोंबला!

चार दिवसांपूर्वीच्या वादळात वीज अशी काही तारेतून आली की घरातला मेन स्विच आतून जळून गेला. काकांनी नवा आणला. पण त्या दिवशी आईला बरं नव्हतं, मशीनची बॅटरीही वादळात संपून गेलेली, घरात आणखी दहा मिनिटं लाईट बंद ठेवणं शक्य नव्हतं. मग त्यांनी स्विचच्या पेटीत एक वायर घालून दोन्ही टोकं थेट जोडून टाकली. तात्पुरतं हो. उद्या बसवू. लोकांच्या घरचा एक सैल स्क्रू सोडायचे नाहीत ते, पण स्वतःच्या घरचं काय, करू सवडीने. नवा स्विच पिशवीत पडून राहिला आणि रोज डब्याबरोबर ड्यूटीवर येऊन परत जात राहिला.

आणि लेकीला हे सांगितलं नव्हतं. लाईट जाईल तेव्हा आपण असूच घरी, असं गृहीत धरलं होतं.

म्हणजे ती आता शहाण्यासारखी आधी मेनचा दांडा खाली ओढणार. दांडा खाली येणार, खटकन आवाजही होणार. पण आत वायर जोडलेली, त्यामुळे तुटणार काहीच नाही. मग ती जनरेटर सुरू करणार आणि घरातला करंट बाहेर निघून ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरणार. जो ट्रान्सफॉर्मर तारेवरचा करंट घरासाठी कमी करतो, तोच उलट्या बाजूने तो वाढवतो. अकरा हजार व्होल्ट होऊन तो सोंडेवर चढणार. आणि सोंडेवर साखळीशिवाय तार हातात घेऊन कोण उभा आहे? तिचाच नवरा. आपणच चढवलेला.

काकांनी घड्याळ पाहिलं. दोन पंचवीस. लाईट दीडला गेली. मशीनची बॅटरी पावणेतीनपर्यंत तग धरेल, फार तर. म्हणजे वीस मिनिटं.

लेकीला फोन लावला. लागेना. जावयाला लावला. लागेना. टॉवर त्याच लाईनवर. रोजच्या वादळांनी त्याची बॅटरी पार खचली होती आणि लाईट गेली की पाऊण तासात टॉवरही मान टाकायचा. वायरलेसवर जीपला हाक मारली. एकदा, दोनदा, दहादा. जीपमध्ये होतं कोण? ड्रायव्हर दोर धरून वर उभा. रिकाम्या जीपमध्ये काकांचा आवाज खरखरत राहिला असेल. इथल्या यंत्रांतून काही करावं म्हटलं तर तेही जमण्यासारखं नव्हतं. तार तुटल्यामुळे सोंडेपलीकडची लाईन ह्या सबस्टेशनच्या हाताबाहेर गेली होती.

लाईनवर माणूस असताना ऑपरेटरने खुर्ची सोडायची नाही, हा नियम काकांनी एकतीस वर्षांत मोडला नव्हता. साखळीचा नियम वीस मिनिटांपूर्वी मोडून झाला होता, आता हा. त्यांनी वही ओढली आणि लिहिलं: 'घरचा जनरेटर लाईनला जोडलेला. चूक माझी. बंद करायला जातो. २.२८.' किल्ली खिशात आहे ना, हे दोनदा चाचपलं आणि स्कूटरला किक मारली.

सोंडेला वळसा घालून जाणारा रस्ता नेहमीचा बारा मिनिटांचा. अर्ध्यावर गारांनी गाठलं. सुपारीएवढ्या गारा हेल्मेटवर ताडताड आदळायला लागल्या, रस्ता क्षणात पांढरा झाला. दोनदा स्कूटर घसरली. तिसऱ्यांदा काका आडवेच झाले, ढोपर फुटलं. उठले, स्कूटर उचलायला गेले तर पुढे झाड आडवं पडलेलं. मग स्कूटर तिथेच टाकली आणि छप्पन्न वर्षांचा तो माणूस फांद्यांखालून रांगत पलीकडे गेला आणि धावत सुटला. धावताना तोंडाने एकच चाललं होतं, "नको लावूस गं पोरी, नको लावूस." माथ्यावरचे दोघं ढगात गेले होते. तिकडे पाहायची त्यांची हिंमत होईना.

आळीच्या तोंडाशी आले आणि थांबलेच. दुपारी अंधारून आलं होतं. शेजाऱ्यांच्या ओसरीवरचा दिवा, जो दीडपासून विझलेला असायला हवा होता, तो मंद लाल पेटला होता. निखारा असतो तेवढाच, पण पेटला होता. शेजाऱ्यांकडे जनरेटर नव्हता.

त्याचा अर्थ अख्ख्या आळीत फक्त काकांना कळत होता. करंट बाहेर निघाला होता.

पुढची पन्नास पावलं ते कसे गेले ते त्यांनाही आठवत नाही. जनरेटर मागच्या पडवीत दम लागल्यासारखा धापा टाकत होता. काकांनी जाऊन तो बंद केला आणि बोर्डातून त्याची वायर अशी हिसकली की भिंतीचा गिलावा खाली आला.

आतून मशीन टींटीं ओरडायला लागलं. लेक धावत आली.

"बाबा! अहो हे काय करताय? आजीचं मशीन..."

"किती वेळ झाला?"

"काय?"

"जनरेटर लावून किती वेळ झाला?" काका ओरडले. ह्या पोरीवर ते जन्मात कधी ओरडले नव्हते.

"पाच मिनिटं. सात असतील. मी आधी मेन पाडला होता, बाबा. तुम्ही सांगितलं तसंच केलं सगळं."

काकांनी एक एक्स्टेंशन बोर्ड ओढून तो थेट जनरेटरला लावला, दुसरं टोक आईच्या खोलीत नेलं, मशीन त्यावर जोडलं आणि जनरेटर पुन्हा सुरू केला. आता हा करंट कुठेही जाणार नव्हता. पहिल्यापासून हे एवढंच करायला हवं होतं, आणि एवढ्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. आई धाप लागून बसली होती, ओठ निळसर झाले होते. हळूहळू श्वास शांत झाला. "का रे ओरडतोस तिला?" ती नळीआडून म्हणाली. "केलं की तिने बरोबर."

काका भिंतीला टेकून खाली बसले. लेक समोर उभी होती. लाईनमनची बायको आणि ऑपरेटरची मुलगी, तिला काय कुणी समजावून सांगायला हवं? भिंतीवरचा उखडलेला बोर्ड, बापाचं रक्ताळलेलं ढोपर, ड्यूटीच्या वेळेला घरी. तिने एकेक पाहिलं आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"हे कुठे आहेत?"

"माथ्यावर."

"साखळी?"

काकांनी मान हलवली. नाही.

ती किंचाळली नाही, रडली नाही. तिने आजीचं दार हळूच लोटून घेतलं, एवढंच. काका उठले, वर जायला निघाले. दारात पाऊल टाकलं आणि वीज समोरच्या उतारावर अशी कोसळली की घरातली भांडी वाजली. त्यांनी दुसरं पाऊल टाकलं. लेकीने मागून सदरा धरला.

"बसा. दोघांचं दुःख मला झेपायचं नाही. आणि ते येईपर्यंत माझ्याशी बोलू नका, बाबा."

मग ती दोघं बसून राहिली. गारा पत्र्यावर बडवत होत्या. काका मनात हिशेब मांडत होते. सात मिनिटं. तार ओढून वर घ्यायला पंधरा, जोडायला दहा. त्या सात मिनिटांत त्याचे हात कुठे असतील? रबरी हातमोजे घातले असतील का? मोजे अकरा हजाराला काय पुरणार? पुन्हा पहिल्यापासून हिशेब. लेक खिडकीशी उभी होती आणि वाटेवरून नजर काढत नव्हती. आजी दोनदा आतून म्हणाली, "कुणी आलं का?"

चारला पाच कमी असताना वाटेवर दोन माणसं दिसली. पुढे ड्रायव्हर, मागे तो.

काकांचा जीव भांड्यात पडला म्हणावं तर तेही खरं नाही. लेक बाहेर धावली, दोन पावलांवर थबकली आणि तिथेच मटकन बसून आता रडायला लागली.

जावई दारात आला. नखशिखांत भिजलेला, चेहरा पांढराफटक. "पाणी दे," एवढंच म्हणाला. तांब्या तोंडाला लावून संपवला.

"ह्या आळीत कुणी तरी हरामखोराने जनरेटर लावलाय लाईनवर," तो म्हणाला. "खांबावरची मोडतोड काढण्यातच अर्धा तास गेला. तार धरणार, तेवढ्यात पक्कड निसटली हातातून. दगडांत जाऊन पडली. शिव्या घालत उतरलो, पक्कड उचलली, आणि तार जिवंत झाली. झुडपात टोक होतं तिथे ओला पाला तडतडून जळायला लागला. पक्कड निसटली नसती तर मी नव्हतो. घरोघर बघतोय आता. सापडू दे तो, सोडत नाही."

"मी लावला," लेक म्हणाली.

"तिने नाही," काका म्हणाले. "तिने मेन पाडला होता. आत वायर मी जोडली होती."

जावयाला ते पटेना. तो सरळ स्विचच्या पेटीपाशी गेला आणि झाकण उघडलं. आतली वायर दोन्ही टोकांना घट्ट, नेटकी पिळलेली होती. असा पीळ अख्ख्या खात्यात एकच माणूस मारायचा, आणि त्याच माणसाने तो जावयाला शिकवला होता.

"साखळी राहू द्या म्हणालात मला," तो म्हणाला.

"हो."

"दुसरं कुणी म्हटलं असतं तर मी चढलोच नसतो. मी म्हटलं, मामा म्हणतायत, तर..." त्याने झाकण लावलं.

त्याने शिव्या द्याव्यात, कॉलर धरावी, असं काकांना फार वाटत होतं. त्याने काहीच केलं नाही. उलट नेहमीच्याच अदबीने बोलला, आणि तेच जास्त लागलं.

"ऊन पडलंय. अंधाराआधी लाईन व्हायला हवी, पाण्याची टाकी रिकामी आहे. पण आता परमिट फोनवर नको. तुम्ही माझ्याबरोबर वर चला. मी खांबावर असेपर्यंत मला तुम्ही डोळ्यांसमोर हवेत."

"चला," काका म्हणाले. त्यांनी फुटलेलं ढोपर फडक्याने बांधलं. लेकीने बापाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि अडवलं कुणालाच नाही.

सोंड चढायला काकांना तास लागला. तीनदा बसले. ड्रायव्हर वाटेत जीपपाशी उतरून साखळी घेऊन आला. गारा वितळून वाफ येत होती आणि वारा अगदी पडला होता; संध्याकाळ व्हायला आली तरी दगड गरम लागत होते. लाट उद्याची वाट बघत थांबणार नव्हती.

जावयाने तारेच्या लोंबत्या टोकाला साखळी अडकवली आणि खालचा लोखंडी दांडा घणाने मातीत ठोकला. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. मग तो पट्टा बांधून खांबाकडे वळला आणि पायरीवर पाय ठेवून थांबला. तो घाबरला होता. इतक्या वर्षांत काकांनी त्याला कधी असा पाहिला नव्हता. साखळी होती, किल्ली काकांच्या खिशात होती, तरी त्याचा दुसरा पाय वर जाईना.

काकांना एकदम जाणवलं की आळीत आणखी कुणाकुणाकडे जनरेटर असतील हे आपल्याला माहीत नाही. तीन दुकानांतले गेलेत. आणि एकतीस वर्षं 'लाईन बंद आहे, चढा' म्हणताना आपण एकदाही दुसऱ्याच्या शब्दावर तारेला हात लावलेला नाही. आपण खुर्चीत होतो.

ते दांड्यापाशी गेले, मातीत बसले आणि जावयाने वाटेत दिलेले हातमोजे काढून बाजूला ठेवले. उघड्या पंजात साखळी धरायची म्हणून हात पुढे केला. हात गेला नाही. साखळी होती, भीतीचं कारण नव्हतं, नियम सांगत होता, तरी हात वीतभर अंतरावर थांबला आणि घामाने ओला झाला. मग त्यांनी डोळे मिटले आणि घट्ट मूठ आवळली.

"मामा, काय करताय? सोडा ती," जावई म्हणाला.

"काही यायचंच असेल तर आधी मला येऊ दे," काका म्हणाले. "चढ तू."

कितीतरी महिन्यांनी ते त्याला 'तू' म्हणाले होते, आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. जावई त्यांच्याकडे बघत राहिला. मग चढला. वर पकडीचा आवाज यायला लागला, दोर ताणला गेला, ड्रायव्हर "ओढतो, ओढतो" म्हणत राहिला. काकांच्या बोटांना रग लागली, खांदा भरून आला, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. त्यांनी मूठ काही सैल केली नाही.

पाऊण तासाने वरून हाक आली. "झालं, मामा. हात काढा आता."

"आधी तू उतर," काका म्हणाले.